बुटक्याचा ब्रेक

५ फेब्रुवारी

ही डायरी यांची. खतवाल्याने गेल्या वर्षी दिलेली. पहिल्या पानावर 'पाइपचा सांधा बदलणे' एवढं लिहून पुढे सगळी कोरी. यांना लिहिण्याचा भारी कंटाळा. वार जुळत नाहीत, तेव्हा तारखा मी माझ्या घालते आहे.

लिहायला बसले ती रागाने. सकाळी कुंपणापलीकडून धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, आम्ही महिनाअखेरीला जातोय. ह्यांना दुसरीकडे काम मिळालंय, मोठ्या रोपवाटिकेत. राहायला खोल्याही देणार आहेत."

मी "बरं" म्हटलं आणि बादली उचलून आत आले. आत येऊन ती आपटली. अकरा महिने एका आवारात राहून दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत, तरी ते जाणार म्हटल्यावर मला राग का यावा? पण आला. असे कसे जातात, माझ्या प्रश्नाचं उत्तर न देता?

प्रश्न एकच आहे. आमची रोपवाटिका उतारावर. वर वाफे, मधे शेड, खाली पाण्याची टाकी. गेल्या मार्चमध्ये भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, आमचा छोटा ट्रॅक्टर शेडजवळ उभा केला आणि रोपांचे ट्रे आणायला उतरले. ट्रॅक्टर सुटला. हे खाली टाकीपाशी पाठमोरे बसून पाइपचा सांधा बसवत होते. ट्रॅक्टरने यांना टाकीच्या भिंतीशी दाबलं. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

"मी ब्रेक ओढला होता, वहिनी," असं भाऊजी त्या दिवशी एकदाच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तपासाला साहेब आले, त्यांनी गाडी पाहिली, फोटो काढले, ब्रेक चांगला आहे असं लिहिलं. ब्रेक चांगला आणि ओढलेलाही, मग गाडी सुटली कशी? भूत बसलं होतं का तिच्यावर? मी सगळ्यांसमोर विचारलं. भाऊजी मान खाली घालून उभे राहिले आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. खरं असतं तर माणूस पुन्हा म्हणाला असता. मी तर शंभरदा म्हटलं असतं.

आणि यांना नेलं त्या संध्याकाळी, घर माणसांनी भरलेलं असताना, हे गृहस्थ टाकीपाशी ट्रॅक्टरच्या पायदानाशी ओणवे होऊन बसले होते. माझ्या दारात यायला पाय उचलला नाही, आणि गाडीची काळजी! ते मी विसरणार नाही.

जाण्याआधी त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचंय मला. 'ब्रेक ओढला नव्हता.' बस्स, एवढे तीन शब्द.

८ फेब्रुवारी

आज ताडपत्री काढली. बुटका अकरा महिन्यांनी उजेडात आला. हे नाव यांनीच ठेवलेलं. शोरूममध्ये मोठ्या ट्रॅक्टरांच्या रांगेत हा टोकाला उभा होता, तर हे म्हणाले, "बिचारा शाळेच्या फोटोतला बुटका दिसतोय, यालाच घेऊ." घरात सगळ्यांनाच टोपणनावं द्यायचे. लेकीला ठमी, मला फौजदार.

बॅटरी मेलेली. सीटवर उंदराने घर केलंय. फिटरला निरोप धाडला. म्हटलं, बाकी काही बघू नका, ब्रेक बघा. पूर्ण उघडून बघा.

ठमी शाळेतून आली, ताडपत्री पडलेली पाहिली आणि मागच्या दाराने आत गेली. तेरा वर्षांची आहे. पूर्वी दिवसभर काकांच्या मागे मागे असायची. कलम बांधायला त्यांनीच शिकवलं तिला. आता काका समोरून आले की मान फिरवते. मी तिला तसं कर म्हणाले नव्हते. पण करू नको असंही म्हणाले नाही.

१० फेब्रुवारी

फिटर आला, नवी बॅटरी बसवली. म्हातारा, तोंडाचा पट्टा सतत चालू, पण हात सोन्याचे. दोन्ही चाकांचे ब्रेक उघडले, लायनर काढून मला दाखवले, हँडब्रेकचा दांडा-खटका तेल घालून तपासला. मग उतारावर गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, न्यूट्रलमध्ये टाकली आणि मागून स्वतः ढकलली. हलली नाही. मी ढकलली. हलली नाही.

"बाई, हा ब्रेक तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे," तो म्हणाला. "माझे गुडघे याच्यासारखे असते तर अजून लग्न केलं असतं."

मला हसू आलं नाही. झालं, उत्तर मिळालं. ब्रेक चांगला, म्हणजे ओढलाच नव्हता. एवढे दिवस जे म्हणत होते तेच खरं निघालं, तर जीव शांत व्हायला हवा. चहा करताना साखर घालायची विसरले आणि तो तसाच प्यायले.

११ फेब्रुवारी

वाईट वागले आज. धाकटी कपडे वाळत घालत होती. मी मुद्दाम बुटका तिला दिसेल असा उतारावर उभा केला, ब्रेक ओढला, उतरले आणि हात झटकून बाजूला उभी राहिले.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "झालं समाधान, ताई?"

"फिटरने सांगितलंय, ब्रेकमध्ये काही दोष नाही."

"ह्यांनी कधी म्हटलं दोष आहे म्हणून?" तिच्या हातात ठमीच्या काकांचा शर्ट होता, त्याची बाही ती पिळतच राहिली. "घरातही एक शब्द बोलत नाहीत. मी विचारून थकले. तुम्हाला काय वाटतं, तुम्ही एकट्याच विचारताय?"

फौजदार निरुत्तर! हे असते तर टाळी वाजवली असती.

१४ फेब्रुवारी

ट्रॅक्टर ताडपत्रीखाली ठेवून रोपवाटिका चालत नाही. वाफे कडक झालेत. आज हिंमत केली.

वाफ्यांतलं काम पहिल्यापासून माझंच. दोन वाफ्यांच्या मधे जेमतेम जागा, तिथे वळवायला हात हलका लागतो. यांनी एकदा वळवला आणि शंभर रोपं झोपवली, तेव्हापासून त्यांना मनाई. बुटक्याला ब्रेकची दोन पेडलं आहेत, उजव्या चाकाचं वेगळं, डाव्याचं वेगळं. एरवी एक लोखंडी कडी घालून दोन्ही जोडलेली असतात, एका पावलात दाबली जातात. वाफ्यांत शिरताना कडी काढायची, म्हणजे एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी जागच्या जागी गर्रकन वळते. काम झालं की परत जोडायची. यांचा नियमच होता: ज्याने सोडली, त्याने जोडायची. दुसऱ्याने बघतही बसायचं नाही.

चार वाफे झाले. मातीचा वास आल्यावर थोडं रडले. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही, हा फायदा.

१५ फेब्रुवारी

माझी छाटणीची कात्री धार लावून शेडमधल्या खिळ्याला लटकवलेली होती. मी लावली नाही. गेल्या महिन्यात टाकीचा नळ कोणीतरी दुरुस्त केला, तोही असाच गुपचूप. मन खात असणार. खाऊ दे.

१९ फेब्रुवारी



दुपारी वाफ्यांचं काम करत होते. ठमीने शेडमधून हाक मारली, "आई, गिऱ्हाईक आलंय, गुलाबाची रोपं मागतायत." मी बुटका तसाच खाली आणला, शेडजवळ उभा केला, न्यूट्रल, ब्रेक ओढला. ओढला! माझ्या या हाताने, खटका वाजेपर्यंत. उतरून दहा पावलं गेले असेन आणि मागे खडी करकरली. बुटका तोंड फिरवून उताराला लागला होता. उजवं चाक घासत होतं, डावं मोकळं फिरत होतं. मी धावले, पण पोचले नाही. नशीब की तोंड वळल्याने तो टाकीकडे न जाता कुंपणात शिरला. तिकडे कोणी नव्हतं.

मी वर चढून दोन्ही पायांनी पेडलं दाबून बसले. दांडा बघितला, ओढलेलाच होता.

म्हणजे ब्रेक खराब आहे. भाऊजी खरं बोलत होते. अकरा महिने मी त्या माणसाच्या नावाने खडे फोडतेय आणि ते खरं बोलत होते.

त्या मूर्ख फिटरला उद्याच्या उद्या बोलावते. सोन्याचे हात म्हणे!

२० फेब्रुवारी

मी फिटरला इतकं बोलले की तो पहिल्यांदाच गप्प बसला. मग त्याने सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं. उतारावर उभा केला, ढकलला. बुटका ढिम्म.

"काल सुटला," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांसमोर. दांडा ओढलेला होता."

"बाई, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. काल कुठून आणला होता?"

"वाफ्यांतून."

त्याने बोटं पुसली आणि खाली वाकून पेडलांची कडी काढली. दांडा ओढला. मग मला म्हणाला, "आता ढकला."

मी एका हाताने ढकलला आणि बुटका निघाला. त्याने तयारीत ठेवलेली वीट चाकापुढे टाकली.

"हे बघा. दांड्याचा आकडा फक्त उजव्या पेडलला धरतो. कडी घातली असेल तर उजव्याबरोबर डावंही दाबलेलं राहतं. कडी नसेल तर एकच चाक धरलं जातं आणि दुसरं मोकळं. काल उतरताना कडी घातली होती का?"

"नाही," मी म्हटलं. "गिऱ्हाईक आलं होतं."

"मग ब्रेकला कशाला बोल लावता?"

त्याला पुढे काय काय म्हणायचं होतं ते मी ऐकलं नाही. तो गेला. आज याहून जास्त लिहवत नाही.

२१ फेब्रुवारी

हे गेले त्या दिवशी सकाळी मी वाफ्यांत होते. आठ वाजता मोठ्या ऑर्डरवाले आले, हॉर्न वाजवत. मी बुटका वाफ्याच्या टोकाला सोडला आणि भाऊजींना ओरडून सांगितलं, "ट्रे भरायला घेऊन जा." आणि पळाले. कडी घातली होती का?

रात्रभर आठवत होते. घातली असेल. रोज घालतच होते. हात आपोआप जातो.

सकाळी कपाटातून तपासाचे कागद काढले. कधी धड पाहिलेच नव्हते. एका फोटोत पेडलं स्वच्छ दिसतात. कडी घातलेली. माझा जीव भांड्यात पडला. तिथेच जमिनीवर बसले आणि देवाचं नाव घेतलं. मी नव्हते.

मग उठून भांडी घासायला घेतली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भांड्यापाशी हात थांबला. कडी घातलेली असती तर बुटका सुटलाच नसता. फोटो दुसऱ्या दिवशीचे आहेत. आणि आदल्या संध्याकाळी पायदानाशी ओणवं होऊन कोण बसलं होतं, ते मीच खिडकीतून पाहिलंय.

गाडीची काळजी, असं मी वर लिहिलंय. ते पान फाडावंसं वाटतं. फाडणार नाही.

मी मारलं यांना. लिहून टाकलं. वाचलं तर आणखीच खरं वाटतं.

२३ फेब्रुवारी

ठमी म्हणते, आई तुला ताप आहे का?

पाच दिवसांत ते जाणार. मी गप्प राहिले तर कोणाला काय कळणार आहे? फिटरला त्या दिवसाबद्दल काही माहीत नाही. भाऊजी अकरा महिने बोलले नाहीत, ते पुढेही बोलणार नाहीत. ट्रक येईल, सामान भरलं जाईल, पलीकडच्या खोल्या रिकाम्या होतील. ठमी माझ्याजवळ राहील आणि तिचा बाबा काकांच्या बेफिकिरीने गेला असं आयुष्यभर समजेल.

हा विचार मी केला. एकदा नाही, दोन दिवस केला. इतकी नीच असेन असं वाटलं नव्हतं.

२६ फेब्रुवारी

आज त्यांच्याकडे गेले.

दार उघडंच होतं. आत सगळीकडे गाठोडी. भाऊजी खाली बसून पलंगाचे नट सोडवत होते, धाकटी भांडी कागदात गुंडाळत होती. मला पाहून ती उभी राहिली.

"भाऊजी," मी म्हटलं, "त्या दिवशी पेडलांची कडी काढलेली होती."

पाना थांबला. त्यांनी वर पाहिलं नाही. "घातलेली होती, वहिनी. साहेबांनी फोटो काढलाय."

"ती तुम्ही घातलीत. संध्याकाळी."

"तुम्हाला कोणी काय सांगितलं माहीत नाही..."

"कोणी सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात माझ्याच हातून पुन्हा तसंच झालं."

तेव्हा त्यांनी पाना खाली ठेवला. बराच वेळ नट बोटांत फिरवत होते. "गाडी थांबवायला वर चढलो ना, तेव्हा पायाला कळलं," ते म्हणाले. "एकच पेडल खाली गेलं."

धाकटी त्यांच्याकडे बघत होती. "तुम्ही मलाही नाही सांगितलं?" ती म्हणाली. "मी अकरा महिने बाजारात मान खाली घालून फिरतेय." आणि ती गाठोड्यावर बसली, तोंडाला पदर लावून.

मी म्हटलं, "मी तुम्हाला सगळ्यांसमोर खोटारडे म्हटलं. एकदा तरी बोलायचं होतंत."

"उतरण्याआधी बघायला मलाही काय झालं होतं? आपला नियम, म्हणून बघितलं नाही. चूक माझीही आहे." मग म्हणाले, "ठमीला तुमच्याच हातचं जेवायचं होतं, वहिनी. माझ्यावर रागावली तर ती तुमच्या कुशीत शिरेल. तुमच्यावर रागावली तर पोर कुठे जाईल?"

मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते घाईने मागे सरकले, पलंगाची पाटी अंगावर पडली, धाकटी रडता रडता "अहो लागलं का" म्हणत धावली. किती वेंधळी माणसं आम्ही.

"जाऊ नका," मी म्हटलं.

"शब्द दिलाय तिकडे. आणि खरं सांगू? ती टाकी रोज बघवत नाही." निघताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं: ठमीला सांगायचं नाही. मी दिलं. द्यायला फार सोपं गेलं, हेही लिहून ठेवते.

२८ फेब्रुवारी

ट्रक दहाला निघाला. धाकटी मला येऊन बिलगली. ठमी मात्र आतल्या खोलीत बसून राहिली. काकांनी दाराशी येऊन हाक मारली, "ठमाबाई, निघतो गं." ती पुस्तकात डोकं घालून बसली. त्यांनी स्वतःचा कलम बांधायचा चाकू, लाकडी मुठीचा, उंबऱ्यावर ठेवला. थोडं थांबले आणि गेले.

ट्रक वळणाआड गेल्यावर ठमी बाहेर आली. चाकूकडे तिने नुसतं पाहिलं. "मला त्यांची वस्तू नको," ती म्हणाली आणि पायाने बाजूला सारला.

आणि मी, जिला सगळं ठाऊक होतं, ती तिथेच उभी होते.

१ मार्च

वचन मोडलं.

शाळेतून आल्यावर तिला शेडमध्ये नेलं, बुटक्यावर बसवलं, कडी काढून दाखवली, घालून दाखवली. जसं फिटरने मला दाखवलं तसंच. मग सांगितलं. मधे कुठे थांबले नाही, थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

"तू विसरलीस?" तिने विचारलं.

"हो."

"आणि काकांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

ती उतरून घरात गेली. मी मागून गेले. जेवायची वेळ झाली तर मी ताट वाढायला घेतलं. तिने माझ्या हातातून डाव काढून घेतला, स्वतःचं स्वतः वाढलं आणि ते घेऊन पलीकडे काकांच्या रिकाम्या ओट्यावर जाऊन बसली. मला याची तयारी ठेवायला हवी होती. भाऊजींनी अकरा महिने जे माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही, ते आज आलं.

तासाभराने परत आली. ताट तसंच भरलेलं. फोन घेऊन कोपऱ्यात बसली. "काका" एवढंच ऐकू आलं मला, मग नुसतं रडणं, मग बराच वेळ ती ऐकत होती. फोन ठेवला तरी ती तिथेच बसून राहिली. मी स्वयंपाकाच्या ओट्याकडे तोंड करून उभी, मागे वळायची हिंमत नाही.

"काका म्हणाले, आईशी अबोला धरायचा नाही," ती म्हणाली. आवाज सर्दी झाल्यासारखा.

मी ओटा पुसायला घेतला.

"मी त्यांना विचारलं, परत याल का. ते म्हणाले, बघू." तिने नाक पुसलं. "आई, ते येणार नाहीत, ना?"

खोटं सांगता आलं असतं. लहान आहे, निदान आज झोपली असती.

"नाही," मी म्हटलं.